न हलणारे बिऱ्हाड

तुमच्या घरी किंवा शाळेत संगणक असेल, तर त्याने कधी ना कधी तुम्हाला ‘हे सॉफ्टवेअर काढून टाकता येत नाही’ असे सुनावले असेल. सोबत बहुधा एक लांबलचक आकडा असतो आणि त्यावरून काहीही बोध होत नाही. आपण पुन्हा बटण दाबतो. पुन्हा तेच उत्तर. घरातली मोडकी खुर्ची माळ्यावर टाकायला खुर्चीची संमती लागत नाही. मग आपल्याच संगणकातले बिघडलेले सॉफ्टवेअर काढायला एवढ्या मिनतवाऱ्या कशासाठी?

मागच्या फेब्रुवारीत हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. पुण्यातल्या आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र विभागाचा एक संगणक आहे. आमचे प्रयोगशाळा साहाय्यक (सगळी मुले त्यांना काका म्हणतात) मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. जाण्यापूर्वी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी त्यांनी मराठीतून एक प्रयोगपुस्तिका लिहिली होती. मीटर सेतूची तार मोजमापाआधी कशी पुसून घ्यावी, लोलकाची पहिली दोन-तीन दोलने मोजणीत का धरू नयेत, कोणते भिंग कोणत्या खणात ठेवले की त्यावर बुरशी चढत नाही, अशा तीस वर्षांच्या खाचाखोचा तिच्यात होत्या. ६२ पाने त्यांनी दोन बोटांनी टंकलिखित केली होती. २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, ती छापून मुलांच्या हाती द्यायची असे ठरले होते.

त्या दिवसाला आठवडा उरला असताना मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि आम्ही ती जुन्या आवृत्तीवर बसवली. दुसऱ्या दिवशी काकांनी ‘लोलक’ हा शब्द टंकला, तर पडद्यावर ना धड मराठी ना धड इंग्रजी अशी चिन्हांची रांग उमटली. नवी आवृत्ती काढून पुन्हा बसवावी म्हटले, तर ती म्हणे, आधी जुनी काढा. जुनी काढायला गेलो, तर ती म्हणे, माझी मूळ चकती घाला. मूळ चकती कपाटात नव्हती, खणात नव्हती, कोठेच नव्हती. दोघी एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या आणि मध्ये आमची पुस्तिका अडकली.

हे असे का होते ते समजण्यासाठी सॉफ्टवेअर ‘बसवणे’ म्हणजे काय, हे आधी पाहू.

बिऱ्हाड येते तेव्हा

१९८०च्या दशकात ‘डॉस’ नावाच्या प्रणालीवर चालणारे संगणक होते. त्यांतली बहुतेक सॉफ्टवेअरे एका फोल्डरमध्ये सुखाने नांदत. नको झाले की फोल्डर पुसायचा, काम संपले. अगदी त्या मोडक्या खुर्चीसारखे. पुढे विंडोज प्रणाली आली. एकच छपाईयंत्र सगळ्यांनी वापरायचे, एकाच अक्षरसंचातून सगळ्यांनी लिहायचे, असा एकत्र कारभार सुरू झाला आणि खुर्चीची उपमा लागू पडेनाशी झाली. आता उपमा द्यायची तर वाड्यातल्या बिऱ्हाडाची द्यावी लागेल.

आपल्या सदाशिव किंवा नारायण पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. नवे बिऱ्हाड राहायला येते तेव्हा ट्रंका आणि भांडी दोन खोल्यांत लागतात, हे खरे. पण तेवढ्यावर भागत नाही. दारावर नावाची पाटी लागते. दूधवाल्याच्या आणि पेपरवाल्याच्या वहीत नाव चढते. शिधापत्रिकेवर पत्ता बदलतो. चौकातल्या दोरीवर कपडे वाळत पडतात आणि शेजारच्या काकूंकडे एक किल्ली राहते. महिन्याभरात ते बिऱ्हाड त्या दोन खोल्यांतच नव्हे, तर सबंध वाड्यात पसरलेले असते.

सॉफ्टवेअरचे असेच आहे. त्याच्या मुख्य फाइली त्याच्या फोल्डरमध्ये जातात. काही फाइली प्रणालीच्या सामाईक फोल्डरमध्ये जातात. अक्षरे काढणारे फॉन्ट फॉन्टांच्या सामाईक कोठीत जातात. विंडोजमध्ये ‘रजिस्ट्री’ नावाची एक प्रचंड नोंदवही असते, तिच्यात शेकडो ओळी चढतात. ‘संगणक सुरू झाला की लगेच मलाही जागे करा’ असा निरोप एके ठिकाणी लिहून ठेवला जातो. आणि टंकलेखनाचे सॉफ्टवेअर असेल, तर ते कळफलकाच्या वाटेवर एक पहारेकरी बसवते. तुम्ही ‘के’ची कळ दाबली की ती बातमी लेखनाच्या खिडकीपर्यंत पोचण्याआधी हा पहारेकरी ती अडवतो आणि तिच्या जागी ‘क’ पुढे पाठवतो. अशा पहारेकऱ्याला ‘हूक’ म्हणतात. आमच्या संगणकात आता दोन पहारेकरी एकामागे एक बसले होते. नव्याने दिलेले उत्तर जुना पुन्हा कळ समजून बदलत होता. लोलकाची ती दुर्दशा यामुळे झाली होती.

काढणे म्हणजे मागे वाचणे

सॉफ्टवेअर काढणारी आज्ञावली फार हुशार असते, संगणकभर हिंडून आपले काय आणि परके काय ते ती ओळखते, असा अनेकांचा समज असतो. तसे काही नाही. बसवताना काय-काय केले याची एक यादी ठेवलेली असते. काढणारी आज्ञावली ती यादी उलट्या क्रमाने वाचते आणि प्रत्येक ओळीच्या उलट कृती करते. ‘फाइल ठेवली’ असे असेल तर फाइल पुसते. ‘ओळ लिहिली’ असे असेल तर ओळ खोडते. यादी शाबूत असेल तर काम मिनिटाचे. यादी हरवली, तर जगातला उत्तम संगणकही हतबल होतो.

यादीत ‘काय ठेवले’ एवढेच असून भागत नाही, हेही लक्षात घ्या. जुने काही बदलून त्या जागी नवे ठेवले असेल, तर जुने काय होते तेही जपून ठेवावे लागते. चहात साखर घातल्यावर ती काढता येत नाही, कारण कोणता कण कोठे गेला याची नोंद कोणीच ठेवत नाही. पुसून टाकलेली माहिती निसर्गातही फुकट जात नाही. एक बिट पुसताना किमान किती उष्णता बाहेर पडलीच पाहिजे याचे गणित रॉल्फ लँडॉवर या शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले. पण ते घोडे आज येथे दामटत नाही. ते प्रकरण वेगळ्या लेखाचे आहे.

या यादीचा कारभार पूर्वी ज्याच्या-त्याच्या मर्जीवर होता. विंडोज ९५ आली तेव्हा, म्हणजे १९९५ साली, सॉफ्टवेअर काढण्याची एक ठरावीक जागा प्रणालीत मिळाली. १९९९ साली ‘विंडोज इन्स्टॉलर’ नावाची व्यवस्था आली. बसवण्याचे गाठोडे, म्हणजे यादीसह असलेली फाइल, ती स्वतःजवळ एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवते. पुढे सॉफ्टवेअर दुरुस्त करायचे असो की काढायचे असो, ती हेच गाठोडे उघडते. हा लपवलेला फोल्डर ध्यानात ठेवा. त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडायची आहे.

सामाईक शिडीचा हिशेब

वाड्यात एक शिडी आहे आणि ती चार बिऱ्हाडे वापरतात, असे समजा. एक बिऱ्हाड जाताना शिडी घेऊन गेले तर उरलेल्या तिघांची पंचाईत. म्हणून मालकाने भिंतीवर खडूने ४ हा आकडा लिहिला. जो जाईल त्याने आकडा एकाने कमी करायचा. आकडा शून्य झाला की शिडी मोडीत. विंडोजमध्ये सामाईक फाइलींचा हिशेब नेमका असाच ठेवतात. रजिस्ट्रीत प्रत्येक सामाईक फाइलीसमोर ‘किती जण वापरतात’ तो आकडा असतो.

युक्ती चांगली आहे, पण सगळ्यांनी इमानदारीने पाळली तरच. एखादे सॉफ्टवेअर आकडा कमी न करताच गेले, तर वापरणारे कोणी नसतानाही शिडी कायमची भिंतीला टेकून राहते. उलट, एखाद्याने येताना आकडा वाढवलाच नाही, तर दुसरा कोणी जाताना आकडा शून्यावर येतो आणि शिडी पहिल्याच्या पायाखालून निघून जाते. ‘एक सॉफ्टवेअर काढले आणि दुसरेच बंद पडले’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. ती बहुतेक वेळा या शिडीची कथा असते.

दुसरी अडचण अधिक साधी आहे आणि ती तुम्ही स्वतः पाहू शकता. विंडोज असलेल्या संगणकावर वर्डमध्ये एक निरुपयोगी फाइल तयार करा, साठवा आणि उघडीच राहू द्या. आता फोल्डरमध्ये जाऊन ती पुसून पाहा. ‘ही फाइल वापरात आहे’ असे उत्तर मिळेल. ज्या फांदीवर कोणी बसले आहे ती विंडोज कापू देत नाही. लिनक्स प्रणालीत वेगळी रीत आहे. तेथे वापरात असलेल्या फाइलीचे नाव लगेच पुसले जाते, पण मजकूर मात्र शेवटचा वापरणारा उठेपर्यंत चकतीवर राहतो. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. मला स्वतःला दुसरी अधिक सुसंस्कृत वाटते.

मग विंडोजमध्ये सतत जागा असणारा पहारेकरी काढायचा कसा? काढणारी आज्ञावली एक चिठ्ठी लिहून ठेवते : ‘पुढच्या वेळी संगणक सुरू होईल तेव्हा, कोणी जागे होण्याआधी, ही फाइल पुसा.’ म्हणूनच काढून झाल्यावर संगणक बंद करून सुरू करा, असे सांगितले जाते. ही सूचना आपण ‘नंतर करू’ म्हणून टाळतो आणि लगेच नवी आवृत्ती बसवायला घेतो. चिठ्ठी तशीच पडून असते. नव्या आवृत्तीने त्याच नावाची फाइल त्याच जागी ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी नव्या फाइलीचाच बळी घेऊ शकते.

दोन आवृत्त्या, एकच उंबरठा

आता सुधारित आवृत्तीकडे वळू. येथे दोन क्रम संभवतात. पहिला, जुने बिऱ्हाड पूर्ण हलवायचे आणि मग नवे आणायचे. यात घोटाळा कमी, पण नवे मध्येच अडले तर हाती काहीच राहत नाही. दुसरा, नव्याचे सामान आधी लावायचे आणि सगळे ठीक आहे असे दिसल्यावर जुने हलवायचे. यात काम लवकर होते, कारण न बदललेल्या फाइली पुन्हा आणाव्या लागत नाहीत. पण शेवटच्या पायरीवर जुने हलायला तयार झाले नाही, तर एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहतात. आमच्या संगणकात हे दुसरे घडले होते.

आणि जुने का हलले नाही? आता मला थोडी कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी त्या संगणकाची चकती भरत आली होती. जागा कोण खाते ते पाहताना मला एक लपवलेला फोल्डर दिसला. त्यात अर्थहीन अक्षरांच्या नावांच्या कितीतरी मोठमोठ्या फाइली होत्या. कचरा समजून मी त्यांतल्या बऱ्याच पुसल्या. संगणक पूर्वीसारखाच चालत राहिला आणि मी स्वतःवर खूश झालो. तोच तो गाठोड्यांचा फोल्डर. जुन्या आवृत्तीच्या हाती स्वतःची यादीच उरली नव्हती, म्हणून ती बिचारी मूळ चकती मागत होती. तिचा हट्ट मुळीच नव्हता.

पूर्वस्थितीची नोंद हरवली की काय होते याचे एक जुने उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९८७ साली न्यूझीलंडमध्ये ‘स्टोन्ड’ नावाचा संगणक-विषाणू प्रथम आढळला. संगणक सुरू होताना चकतीच्या ज्या पहिल्या भागातून सूचना वाचतो, त्या भागात तो स्वतः जाऊन बसे आणि तेथला मूळ मजकूर सातव्या भागात हलवून ठेवी. त्याला काढायचे तर सातव्या भागातला मजकूर पहिल्यात परत आणायचा, बस्स. पुढे त्यातूनच ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू निघाला. ६ मार्च या त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी तो चकतीवरची माहिती नष्ट करी. १९९२च्या मार्चमध्ये त्याची जगभर धास्ती होती. हाही मूळ मजकूर सातव्याच भागात ठेवी. आता एकाच संगणकाला आधी स्टोन्ड आणि मग मायकेलअँजेलो झाला तर? दुसरा जे ‘मूळ’ म्हणून सातव्या भागात ठेवतो ते मूळ नसतेच, तो असतो पहिला विषाणू! आणि सातव्या भागातला खरा मूळ मजकूर त्याखाली गाडला जातो. असा संगणक मग सुरूच होत नसे. एकावर एक बसवलेल्या दोन आवृत्त्या एकमेकींच्या नोंदी अशाच गिळतात, फक्त दुष्ट हेतू नसतो एवढेच.

पुण्याच्या एका उद्योगाचा जन्मच या ‘काढण्या’तून झाला. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात कैलास काटकर पुण्यात गणकयंत्रे आणि संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा सुळसुळाट झालेला असे. त्यांचे धाकटे बंधू संजय हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. एकेक विषाणू काय-काय बदलतो ते शोधून ते नेमके उलटवणाऱ्या आज्ञावल्या त्यांनी लिहिल्या आणि त्यातून ‘क्विक हील’ हे विषाणूविरोधी सॉफ्टवेअर उभे राहिले. विषाणू जाताना यादी ठेवत नाही. ती यादी दुसऱ्या कोणी तरी अभ्यासाने तयार करावी लागते, ही त्या धंद्यातली खरी विद्या.

पहारेकरीच आडवा पडला

विषाणूंपासून राखण करणारी सॉफ्टवेअरे सहजी काढता न येण्याजोगी मुद्दाम केलेली असतात. हे उघड आहे; चोराला हाकलता येईल असा पहारेकरी काय कामाचा? म्हणून ती प्रणालीच्या गाभ्यात जाऊन बसतात, इतर सर्वांआधी जागी होतात आणि स्वतःच्या फाइलींना कोणाला हात लावू देत नाहीत. पण पहारेकऱ्यालाच भोवळ आली तर?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या राखणीच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी सुधारित फाइल जगभर धाडली. भारतात तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. त्या फाइलीसंबंधी आज्ञावलीला २१ मूल्ये वाचायची होती, प्रत्यक्षात पुरवली जात होती २०. एकविसावे शोधायला ती स्मृतीच्या नको त्या जागी गेली. साधे सॉफ्टवेअर असते तर तेवढेच बंद पडले असते. हे गाभ्यात बसलेले असल्याने सबंध संगणकच कोसळला आणि पडदा निळा झाला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे असे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

कंपनीने ७८ मिनिटांत, १० वाजून ५७ मिनिटांनी, ती फाइल मागे घेतली. मग प्रश्न मिटायला हवा होता ना? नाही मिटला. नवी फाइल घेण्यासाठी संगणक सुरू तर व्हायला हवा, आणि सुरू होताना तो पहिल्यांदा पहारेकऱ्याला उठवी, पहारेकरी ती सदोष फाइल वाची आणि पुन्हा सगळे आडवे. यावर उपाय हाताने करायचा होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अगदी मोजक्या सेवकांनिशी, सुरू करायचा आणि ‘सी-०००००२९१’ अशा नावाने सुरू होणारी फाइल शोधून पुसायची. ज्या चकत्या कुलूपबंद होत्या, त्यांना आधी ४८ अंकी किल्ली द्यावी लागे. एक फाइल पुसण्याचे काम, पण प्रत्येक संगणकापाशी माणूस जाऊन बसल्याखेरीज होईना.

‘सेफ मोड’ ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. जे सॉफ्टवेअर जागे असल्यामुळे निघत नाही, ते झोपलेले असताना पुष्कळदा निघते.

‘सर, फॉरमॅट मारू’

आमच्या पुस्तिकेकडे परत येऊ. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला दुरुस्तीची कामे करणारा एक मुलगा ओळखीचा होता. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, “सर, फॉरमॅट मारू. अर्ध्या तासात कोरा करून देतो.” वाडाच पाडला की बिऱ्हाडाचा प्रश्न उरत नाही, हे खरे आहे. अनेक वेळा हाच उपाय शहाणपणाचाही असतो. आमच्या बाबतीत तो महागात पडला असता. का, ते सांगतो.

काकांनी मजकूर जुन्या फॉन्टात लिहिला होता. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. पूर्वी मराठीसाठी प्रत्येक फॉन्ट करणाऱ्याने इंग्रजी चिन्हांचेच आकडे घेऊन त्यांवर आपापल्या सोयीने देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले. कोणाचा ‘क’ एका आकड्यावर, तर कोणाचा दोन तुकड्यांत. अनेक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे एकच कोष्टक भारतीय मानक म्हणून १९९१ साली आले आणि पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने त्यासाठी पुष्कळ काम केले. त्याच वर्षी युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, पुण्यात, पॅरिसमध्ये आणि तुमच्या खिशातल्या फोनवरही. पण छपाईच्या धंद्यात आणि कचेऱ्यांत जुने फॉन्ट वर्षानुवर्षे चालत राहिले. असा फॉन्ट काढून टाकला की त्यात लिहिलेला मजकूर नाहीसा होत नाही; तो आपली मूळची इंग्रजी चिन्हे दाखवू लागतो. फॉरमॅट मारले असते तर ६२ पानांची फाइल दुसऱ्या चकतीवर सुखरूप राहिली असती, पण वाचता मात्र आली नसती. सॉफ्टवेअर गेले असते आणि कुलूप ठेवून किल्ली घेऊन गेले असते.

काकांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. मीटर सेतूच्या पेटीवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, “सर, आधी छापून घेऊ या का? कळा बिघडल्यात, छपाई तर चालते ना?”

मी भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. पण हे मला सुचले नव्हते. बिघाड लिहिण्याच्या वाटेवर होता, फॉन्ट अजून जागेवर होते. दुपारपर्यंत ६२ पाने कागदावर उतरली. सोबत पीडीएफ फाइलही केली. तिच्यात अक्षरांचे आकार बरोबरच बांधलेले असतात, त्यामुळे ती फॉन्ट नसलेल्या संगणकावरही वाचता येते.

एवढे झाल्यावर जुनी आवृत्ती काढण्याचा उद्योग हाती घेतला. इंटरनेटवर ‘काहीही उपटून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअरे पुष्कळ मिळतात. त्यांच्यापासून जरा जपून राहा. नोंदी झाडून काढणारे असेच एक साधन खुद्द मायक्रोसॉफ्टने दिले होते. ते भलत्याच सॉफ्टवेअरच्या नोंदींना धक्का लावते असे दिसल्यावर त्यांनीच २०१० साली मागे घेतले. यादीशिवाय काढणारा अंदाजाने काढतो.

आम्हाला यादी हवी होती. भूगोल विभागाच्या संगणकावर त्याच हरवलेल्या चकतीवरून तीच आवृत्ती बसवलेली होती, आणि तेथे मी सफाई केलेली नव्हती, हे त्या विभागाचे भाग्य. त्यांच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये गाठोडे सापडले. नाव मात्र वेगळे होते, कारण ही नावे प्रत्येक संगणक आपली-आपली ठरवतो. म्हणून आमच्या रजिस्ट्रीत कोणत्या नावाची फाइल अपेक्षित आहे ते पाहिले, गाठोड्याची प्रत घेतली, तिला ते नाव दिले आणि आमच्या फोल्डरमध्ये ठेवली. (रजिस्ट्रीत फक्त वाचले, लिहिले काही नाही. तुम्हीही शिक्षकांना विचारल्याशिवाय तेथे हात घालू नका.) मग जुनी आवृत्ती काढण्याचे बटण दाबले. हिरवी पट्टी निम्म्यावर काही वेळ थांबली, आम्हीही थांबलो, आणि मग ती शेवटपर्यंत गेली. संगणक बंद करून सुरू केला. या वेळी ‘नंतर करू’ म्हटले नाही. काकांनी ‘लोलक’ टंकला, लोलकच उमटला.

पुस्तिका विज्ञान दिनाला मुलांच्या हाती गेली, ती त्या दुपारी छापलेल्या पानांच्या छायाप्रती काढून. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम नंतर सुरू केले. रूपांतर करणारी आज्ञावली बहुतेक शब्द बरोबर उतरवते, पण जोडाक्षरांत आणि रफारांत चुकते. ‘वर्तुळ’, ‘घर्षण’, ‘पृष्ठभाग’ असे शब्द एकेक करून दुरुस्त करावे लागतात. काका मे महिन्यात निवृत्त झाले, तरी दर शनिवारी येतात आणि दोन बोटांनी दुरुस्त्या करतात. आतापर्यंत ४१ पाने झाली आहेत.